कृष्णाबाईची लाथ

कासूजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आधी कृष्णाबाईच्या ओटीवर जाई. कृष्णाबाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय पुढे करून जन्मलेली. अशा माणसाची लाथ बसली की उसण पळते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मिठागरावरचे येत, धाटावच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे येत. ओटीच्या खांबाला धरून वाकायचं आणि तिनं मागून लाथ घालायची. बदल्यात नारळ, नाहीतर वाटीभर वाल.

साठी उलटली आणि कृष्णाबाईचीच कंबर गेली. आता स्वतःच्या पाठीत लाथ घालायची सोय देवानं कुणालाच दिलेली नाही. पाय उचलला की डोळ्यांपुढे काजवे. तिनं पेणच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. माणूस आला की ती आत जाऊन गोळी गिळायची आणि गुण येईपर्यंत त्याला चहावर बसवून ठेवायची. गोळी हिच्या पोटात, आराम गावाला.

वर्षभरात पायांवर सूज चढली. पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. या गोळ्या चार दिवस दुखणं आवरायला असतात, म्हणाले, वर्षभर लाथा घालायला नाही. किडन्या बिघडायला लागल्यात. गोळी आजपासून बंद. चालायचं, शेकायचं, व्यायाम करायचा. कृष्णाबाई घाबरली. पण पायाळू माणसानं दारच्याला नाही म्हटलं तर पाप लागतं, अशी तिची पक्की समजूत.

दुसरा पायाळू शोधावा, तर हल्ली उलटं मूल डॉक्टर पोट कापूनच काढतात. गावातल्या जनीची पोरगी नम्रता तशीच झालेली. ती पायाळू धरायची का, यावर देवळात सभा भरली. पाय पुढे होते ना, मग झालं, असं काहींचं मत. बाकीचे म्हणाले, दारातून कुठे आली, खिडकीतून काढली. शेवटी ठरलं, नम्रतानं कृष्णाबाईलाच लाथ घालावी. उसण गेली तर पोरगी खरी.

नम्रताला कंपनीची बस गाठायची होती. तिनं घाईघाईत बूट काढले आणि एक सणसणीत ठेवून दिली. कळ थेट मस्तकात गेली. अख्खा गाव तोंडाकडे बघत होता. कृष्णाबाई दात आवळून ताठ उभी राहिली.

"गेली गो," ती म्हणाली.

खोटं बोलल्याची लाज वाटली, पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा. गाव आता नम्रताच्या दारी जाऊ लागला आणि गोळ्या तिनं फेकून दिल्या. सूज उतरली. पाठ दुखायची, पण सकाळी बांधावरून चालून आली की दिवस निघायचा.

शिमग्याच्या सुमारास नम्रता कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "मावशी, लाथा घालून माझीच कंबर धरली. तू कुठली गोळी घ्यायचीस गो?"

कृष्णाबाईनं पोरीला जवळ बसवून सगळं सांगून टाकलं. माझी उसण गेलीच नव्हती, चल, देवळात जाऊन सांगते, म्हणाली.

"आता कोण ऐकतंय?" नम्रता म्हणाली. "त्यांची उसण जाते ना."

कृष्णाबाईनं चटई अंथरली आणि डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम दाखवायला तिला आडवी केली. तेवढ्यात शेजारची शकू नम्रताला शोधत, कण्हत ओटीवर आली.

"आज लाथ नाय," कृष्णाबाई जन्मात पहिल्यांदा म्हणाली. "उद्यापण नाय. तूपण आडवी हो."

शकू मुकाट्यानं नम्रताच्या शेजारी आडवी झाली आणि लाथ कधी बसते याची वाट बघत राहिली.