नायिकेचा बाप वाईटच का असतो

माझं वय सत्तावीस आणि मी सोळा वर्षांच्या मुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचते. कळंबोलीतल्या ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी काम करते तिथे डबा खाताना पुस्तक उघडलं, की कुणीतरी मुखपृष्ठावरचा ड्रॅगन बघून विचारतंच, "मॅडम, भाचीचं का?" मी हो म्हणते. खरं समजावून सांगेपर्यंत भाजी गार होते.

माझी मैत्रीण मात्र असलं काही ऐकून घेत नाही. ती खारघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, स्टाफरूममध्ये हीच पुस्तकं उघडून बसते, आणि कुणी हसलं तर त्यालाच वाचायला लावते. आमची ओळख कॉलेजच्या लायब्ररीत झाली, तीही भांडणातून. दोघींना एकच जाडजूड पुस्तक हवं होतं. तेव्हापासून पुस्तक एकच घ्यायचं, दोघींनी वाचायचं, आणि रविवारी संध्याकाळी वडाळे तलावावर बसून त्याची चिरफाड करायची, असं ठरून गेलंय.

चिरफाडीत माझा हात कुणी धरू शकत नाही. पहिला राग त्या पाचशे वर्षांच्या नायकांवर. पंख असतात, शिंगं असतात, राज्य असतं, आणि प्रेम जडतं ते सतरा वर्षांच्या पोरीवर. एवढ्या शतकांत त्याला धड दोन वाक्यं बोलायला कुणी शिकवलेलं नसतं. तो दाराला टेकून तिच्याकडे बघत उभा राहतो आणि लेखिका पानभर त्या बघण्याचं कौतुक करते. पनवेलच्या एसटी स्टँडवर कुणी असं टेकून बघत उभं राहिलं असतं तर आम्ही चप्पल काढली असती.

हल्ली या पुस्तकांत सगळ्या तऱ्हेच्या मुली येतात, ते मात्र मला मनापासून आवडतं. काळ्या, सावळ्या, कुबडी घेऊन चालणाऱ्या, एकमेकींच्या प्रेमात पडणाऱ्या. मी शाळेत होते तेव्हा प्रत्येक राजकन्येचे केस सोनेरी असायचे आणि मी तेल चोपडलेल्या दोन वेण्या घालून तिच्या जागी स्वतःला बसवायची खटपट करायची. आताच्या मुलींची ती खटपट वाचली. पण काही लेखिका नुसता रंग देतात आणि आतलं घर तेच ठेवतात. माझं आजोळ उरणच्या कोळीवाड्यातलं. या पुस्तकांतल्या समुद्रकन्यांच्या गळ्यात मोत्यांच्या माळा असतात, पण हाताला मासळीचा वास कधीच येत नाही. माझी मामी सणाला लिंबू आणि साबण लावून हात घासते, तरी वास राहतो, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. अशी समुद्रकन्या मला अजून भेटायची आहे.

कुबडीवाल्या मुलीवरून तर मी आणि मैत्रीण आठवडाभर बोललो नव्हतो. सबंध पुस्तकभर तिचा लंगडा पाय आणि तिची हिंमत, आणि शेवटी जादूने पाय सरळ! मैत्रिणीला तो शेवट गोड वाटला. मी म्हटलं, मग इतका वेळ कौतुक कशाचं चाललं होतं?

मैत्रिणीची तक्रार एकच, पण ती दर दुसऱ्या पुस्तकाला निघते. "माझ्यासारखी मुलगी पुस्तकात आली ना, की मागोमाग तिचा बाप येतो आणि तो वाईट असतो. ओरडतो, पुस्तकं जाळतो, लग्न ठरवतो. मग ती खिडकीतून पळते. अगं, मी पळाले तर स्कूटरवरून स्टेशनवर सोडायला अब्बाच येतील."

हे खोटं नाही. तिच्या अब्बांचं पनवेलमध्ये काचेच्या भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. तरुणपणी ते काही वर्षं कुवेतला होते. माल आणायला मुंबईला गेले, की आम्ही सांगितलेलं पुस्तक शोधून आणतात. एकदा दुसऱ्या भागाऐवजी तिसरा घेऊन आले. का, तर तो जास्त जाड होता आणि किंमत तेवढीच होती. आम्ही दोघींनी तो तिसरा भाग आधी वाचला, कारण त्यांना परत पाठवायचं आमच्या जिवावर आलं.

मागच्या थंडीत मैत्रिणीला एक स्थळ आलं. मुलगा मस्कतला नोकरीला, आणि स्थळ आणलं होतं अब्बांच्या कुवेतच्या दोस्ताने. त्या दोस्ताचाच तो पुतण्या. मुलगा येऊन गेला. नीट बोलला, तिच्या शाळेबद्दल विचारलं, तिथेही शिकवता येईल म्हणाला. तिच्या अम्मीला आवडला, मोहल्ल्यातल्या बायकांना आवडला. अब्बा म्हणाले, "बेटा, तुला पटलं तरच. शुक्रवारी कळवायचंय."

त्या रविवारी ती तलावावर पुस्तकाशिवाय आली.

"मला तो नकोय," ती म्हणाली.

मी विचारायचं ते सगळं विचारलं. उद्धट आहे का? नाही. काही व्यसन? नाही. तुझ्या मनात दुसरं कुणी?

"असतं तर सोपं झालं असतं. चांगला आहे तो. मला नकोय, एवढंच."

"मग सांग ना अब्बांना."

"तेच तर जमत नाहीये. पुस्तकातल्या पोरींचं बरं असतं. बाप ओरडतो, पोरगी नाही म्हणते, आपण टाळ्या वाजवतो. इथे कुणी ओरडतच नाहीये. मी नाही म्हटलं की अब्बांना त्यांच्या दोस्तासमोर मान खाली घालावी लागेल. आणि मी गप्प बसले तर तो होकारच धरतात."

मी व्यवहारी बाई आहे. मी तिला आमच्याकडचा उपाय सांगितला: पत्रिका जुळत नाही. माझ्या मावसबहिणीने अशी कितीतरी स्थळं परतवली आणि त्यातल्या निम्म्या पत्रिका कुणी उघडूनही बघितल्या नव्हत्या. दोष ग्रहांचा, माणसं खूश. त्यांच्यातही सोय आहे हे मला माहीत होतं. मोठा निर्णय घेण्याआधी नमाज पढून अल्लाला कौल मागतात, त्याला इस्तिखारा म्हणतात. तो ठीक आला नाही असं सांगितलं, की पुढे कुणी काही विचारत नाही.

"अम्मीही तेच म्हणते," ती म्हणाली. "पण मी इस्तिखारा केलाच नाहीये. मला आधीच माहीत होतं. मी ठरवलेलं अल्लाच्या नावावर कसं टाकू?"

"कोण बघतंय एवढं?"

"तोच बघतोय ना," ती म्हणाली. मला तिचा राग आला. चांगली सोपी वाट समोर असताना काट्यातून जायची हौस कुणाला असते!

गुरुवारी तिने मला दुकानात बोलावलं. मी ऑफिसातून सुटून गेले तेव्हा अब्बा कुणाचे तरी कपबशांचे सेट वर्तमानपत्रात गुंडाळत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली आणि मग उभ्याउभ्याच म्हणाली, "अब्बा, मला ते स्थळ नको. आणि इस्तिखाऱ्याचं कारण नका देऊ, मी केलेला नाही."

अब्बांनी विचारलं, "काही बोलला का तो?"

"नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"नाही."

ते स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आपण इथून निघून जावं, पण पाय निघेना. पुस्तकात या ठिकाणी बाप एकतर हात उगारतो नाहीतर मिठी मारतो. त्यांनी दोन्ही केलं नाही. "त्याला काय सांगू मी?" ते म्हणाले. "कुवेतला एका खोलीत राहिलोय आम्ही. मला टायफॉइड झाला तेव्हा माझे कपडे धुतलेत त्याने."

मग त्यांनी दोस्ताला फोन लावला. सलाम झाला, तब्येतीची चौकशी झाली. "नाही जमणार भाई," अब्बा म्हणाले. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. त्या भल्या माणसाने आपणहून विचारलं, "इस्तिखारा ठीक नाही आला का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. अब्बांनी तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून उभी होती.

"नाही भाई, इस्तिखारा नाही," ते म्हणाले. "माझी मुलगीच नको बोलते."

पलीकडून फोन बंद झाला. मैत्रीण रडायला लागली. "आता रडतेस कशाला?" अब्बा जरा चिडूनच म्हणाले. "तूच बोललीस ना खरं सांगा म्हणून."

आम्ही पुन्हा वाचायला लागलो. एका पुस्तकात नायिकेने राजपुत्राला भर दरबारात नकार दिला आणि पुढच्याच प्रकरणात तिला सिंहासन मिळालं. मैत्रीण म्हणाली, "हिच्या बापाला कुणाला फोन करावा लागला नाही," आणि पुस्तक मिटलं. मला ते पुस्तक तोपर्यंत आवडलं होतं.

ईदला मी दरवर्षी त्यांच्याकडे शीरखुर्मा प्यायला जाते. कुवेतचा दोस्त दर ईदला सकाळीच फोन करायचा, अब्बांच्या आधी. या वेळी दुपार झाली तरी फोन नव्हता. अब्बांनी लावला, उचलला गेला नाही. थोड्या वेळाने पुन्हा लावला. मग ते पाहुण्यांच्या वाट्या गोळा करायला लागले. ते काम त्यांचं नव्हतं.

मैत्रीण आत गेली आणि स्वतःचा फोन घेऊन आली. तिने दोस्ताला फोन लावला. तिचा नंबर त्यांच्याकडे नसावा, त्यांनी लगेच उचलला.

"सलाम, चाचा. ईद मुबारक," ती म्हणाली. "नकार मी दिला होता. रागवायचं तर माझ्यावर रागवा. अब्बा सकाळपासून तुमच्या फोनची वाट बघतायत."

तिने फोन पुढे केला. अब्बांनी हातातल्या वाट्या खाली ठेवल्या, हात कुर्त्याला पुसले आणि फोन कानाला लावला. आधी ते नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "हां भाई. जेवलास का?"