सत्कार आणि गोठलेली वाळू

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी बर्फ घेऊन सेमिनार द्यायची कल्पना माझीच होती, हे आधी कबूल करतो. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय भूगर्भशास्त्र. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील दुधनीच्या बाजारात तुरीची पोती मोजायचे. मुलगा काय शिकतो असं कुणी विचारलं की ‘दगडाचं’ एवढं सांगून मोकळे व्हायचे.

आमच्या विभागात प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागे. ज्याचा चांगला होईल, त्यालाच आमचे विभागप्रमुख सर पुण्याच्या एम.एस्सी.साठी शिफारसपत्र देत. पत्र एकच. ते मिळालं नाही तर मीही पोतीच मोजणार होतो.

मी मिथेन हायड्रेट हा विषय घेतला. ग्रंथालयातल्या एका नियतकालिकात रशियातल्या गोठलेल्या जमिनीबद्दल लेख होता. सोलापूरला या गोष्टीचा कणभरही उपयोग नव्हता, त्यामुळे आपल्याआधी कुणी बोललं नसेल अशी माझी खात्री होती.

विषय तसा सोपा आहे. थंडी आणि भरपूर दाब असला की पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरा करतात आणि आत मिथेन अडकतो. दिसायला बर्फ, पण काडी लावली की पेटतो. हे सारं सच्छिद्र खडकाच्या पोटात चालतं. वाळूसारखी मोठी छिद्रं असली तर पिंजरे सहज जमतात. चिकणमातीच्या बारीक छिद्रांत त्यांना आणखी थंडी लागते. छिद्रं भरली की सुट्या कणांचा एकच दगड होतो. दाब कमी झाला किंवा ऊब लागली की पिंजरे मोडतात, वायू सुटतो आणि दगडाची परत वाळू होते.

मिथेन आणि दाब मी कुठून आणणार? म्हणून सीना नदीची ओली वाळू तुपाच्या डब्यात ठासली आणि बर्फाच्या कारखान्यात गोठवून घेतली. डबा भुशात पुरून, वर चादर गुंडाळून, सायकलवर आणला. वाळूचा खांब ताटात उभा केला आणि त्यावर वडिलांकडून आणलेलं दोन किलोचं वजन ठेवलं. खांब हलला नाही. बर्फ वाळूला कसा जखडतो ते आधी दाखवायचं आणि बोलणं संपता संपता तो कसा सोडतो ते, असा बेत होता. सगळं मिळून वीस मिनिटं.

एक गोष्ट मी विसरलो. त्या दिवशी बाहेरचे एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते आणि आमच्याकडे पाहुण्यांचा सत्कार झाल्याशिवाय शास्त्र सुरू होत नाही. सरांनी पाहुण्यांचा परिचय करून दिला. मग हार, नारळ, शाल. त्या उन्हात पाहुण्यांनी शाल पांघरली, खरं धैर्य ते. मग सर पाहुण्यांच्या साधेपणावर बोलले, बराच वेळ. पाहुणे विभागाच्या प्रगतीवर बोलले. ही प्रगती आम्हालाही त्या दिवशीच कळली. माझा खांब घामाघूम झाला होता. मी हळूच उठलो, तर सरांनी डोळ्यांनीच बसवलं.

आभाराचं भाषण चालू असताना खांब एका बाजूला खचला. वजन टेबलावर आदळलं आणि चिखल पाहुण्यांच्या शालीवर उडाला.

सभागृह हसलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सर, हे शेवटी व्हायचं होतं.”

पाहुण्यांनी शाल झटकली आणि विचारलं, “खरा हायड्रेटही असाच धडकन कोसळतो का?”

“नाही, सर. तो मोडताना आजूबाजूची उष्णता शोषतो, त्यामुळे भोवती गार पडतं. सुटलेला वायू कोंडला तर दाबही वाढतो. मग मोडणं आपोआप मंदावतं. बाहेरून ऊब येतच राहिली, तरच ते पुरतं मोडतं.”

“मग इथं ऊब कुठून आली?”

खोटं बोलायचं सुचलं नाही. “भाषणं चालू होती, सर. तासभर.”

मागचे बाक पुन्हा हसले. सर हसले नाहीत. पाहुणे मात्र सरांना म्हणाले की याला बोलू द्या. मग मी चिखलाच्या ताटामागे उभा राहून वीस मिनिटं बोललो. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं, दुसऱ्याचं येत नाही असं सांगितलं.

पत्र मला मिळालं. पाहुण्यांच्या देखत सरांना दुसरं काही करता येईना. ते इंग्रजीत होतं, दोन वाक्यांचं. विद्यार्थ्याला विषयाची समज चांगली आहे, हे पहिलं. त्याला प्रसंगाचं आणि वरिष्ठांच्या मानाचं भान नाही, हे दुसरं.

दुधनीला वडिलांनी पत्र हातात घेऊन शिक्का नीट पाहिला आणि विचारलं, “काय लिवलंय की?”

मी पहिलं वाक्य मराठीत सांगितलं.

“आन् हे खालचं?”

“तेच परत लिहिलंय,” मी म्हणालो. “पुण्याच्या लोकांना दोनदा सांगावं लागतं.”

त्यांना ते पटलं. पत्राची घडी घालून त्यांनी ते माझ्या पेटीत, कपड्यांच्या अगदी तळाशी ठेवलं.