टाकीवरची मखमल

अन्याय झाला तो कुवेतच्या अम्गरा भागातल्या एका वर्कशॉपमध्ये हवेच्या टाक्या भरणाऱ्या देवगडच्या कामगारावर. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या चहाच्या सुट्टीआधी. ती सकाळ अजून माझा पिच्छा सोडत नाही.

मी फौजदार होतो. पाठीच्या दुखापतीमुळे ऐन उमेदीत वैद्यकीय निवृत्ती घ्यावी लागली. मग कुवेतला, पाण्याखाली जाऊन जहाजांचे तळ साफ करणाऱ्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. वर्दी गेली, सवयी राहिल्या.

त्या दिवशी हवा भरता भरता एक पोलादी स्कूबा टाकी बुडाशी फाटली आणि या कामगाराचा उजवा हात चिरडला. तो इस्पितळात खाटेवर असतानाच ऑफिसात निकाल लागला: "जास्त हवा भरली. निष्काळजीपणा." कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा मंदूब त्याचा व्हिसा रद्द करण्याच्या तयारीला लागला. जबाब नाही, पंचनामा नाही, थेट शिक्षा! जखमी माणसाला आरोपी करणं किती सोपं असतं बघा.

मी चौकशी मागून घेतली. पहिला जबाब त्याचाच.

"सायब, मिया काट्यावरसून नजर काढूक नाय," तो म्हणाला. "आणि घराक कळवू नकात."

खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत नेतो. हा एकाच वाक्याला धरून होता. त्या सकाळी त्याने आधी भरलेल्या टाक्यांचा दाब मी तपासला. सगळ्यांचा बरोबर. मग हीच का फाटली?

फाटलेली टाकी मुद्देमाल म्हणून कुलपात ठेवली होती. खालचा भाग गंजाने खाल्लेला, वरचा स्वच्छ, आणि दोघांच्या मधे आखल्यासारखी सरळ रेघ. गंज असा रेघ मारून थांबत नाही.

खबर मिळाली ती रिग्गईत, कामगारांच्या खोलीवर. मासे साफ करणारा स्वयंपाकी मान वर न करता म्हणाला, "टाकयेचो झगो खंय गेलो, ता फोरमनाक इचारा."

"झगा?"

"मखमलीचो, जरीकाठाचो. आमच्या बायलांक इतको भारी गावणा नाय!"

दसऱ्याला अवजारांची पूजा करायची आपली रीत. फोरमन दरवर्षी टाक्यांना लाल मखमलीची कव्हरं शिवायचा, त्यावर हळदकुंकू वाहायचा. तेच लेवून टाक्या समुद्रात जायच्या.

फोरमनला बोलावलं.

"भाऊ, त्या टाकीचं कव्हर कुठंय?"

"कसला कव्हर?"

  मी मांडणीवरची दुसरी टाकी त्याच्यासमोर ठेवली. "हे काढा."

"पूजेचा हा ता. तसा काढूक येणा नाय."

कात्री मीच चालवली. मखमलीखाली गेल्या वर्षीची मखमल, तिच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीची. पूजेचं म्हणून जुनं काढायचं नाही, त्यावरच नवं चढवायचं! सगळ्यात आतलं कापड ओलं, मिठाने कडक झालेलं. वरून मारलेलं गोडं पाणी आत पोचतच नव्हतं. खारं पाणी मात्र कापडाने धरून ठेवलं होतं. रंगाचे पापुद्रे सुटले होते, खाली पोलादात खड्डेच खड्डे. आणि जिथे जरीकाठ संपत होता, तिथे तीच सरळ रेघ. वार्षिक तपासणीचा स्टिकर कव्हरवर चिकटवलेला! तपासणी कुणाची? फोरमनची. त्याने तपासलं काय? मखमल!

"मियाच काढलंय," तो शेवटी म्हणाला. "टाकी फुटल्यावर. वरच्या सायबान बघल्यान असता तर आमचा काय खरा नव्हता."

"म्हणजे काढता येत होतं! माणसाचा हात गेल्यावर काढता येतं, आधी नाही?"



व्हिसा वाचला. हात पूर्ण बरा झाला नाही. दोन बोटं अजून मिटत नाहीत. फोरमन भेटायला गेला तेव्हा तो कामगार म्हणाला, "फुडच्या दसऱ्याक झगो माका शिव, टाकयेक नको." दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

या केसने मला एक शिकवलं: जिथे हात लावायला सगळे कचरतात, तिथे तपास आधी पोचला पाहिजे. मखमल असो, चकचकीत प्लास्टिकचं वेष्टन असो, क्लबच्या नावाचं कव्हर असो, खाऱ्या पाण्याला भक्तीही कळत नाही आणि शोभाही. कव्हर हवंच असेल तर पाणी निथळेल अशी सैल जाळी घाला. प्रत्येक बुडीनंतर ती काढा, टाकी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. तपासणीला टाकी उघडीच द्या.

तुमच्या टाकीवर काही चढवलेलं आहे? मग ती भरायला देण्याआधी, आजच, ते उतरवा आणि खाली काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भरणाऱ्याचा हात तिच्यावर असतो, तुमचा नाही.