संगीतकाराला फोन आणि मारुतीचा भोंगा

मी बेसुरा नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आख्ख्या तळेगावात असं मानणारा मी एकटाच आहे.

आमच्या भजनी मंडळाचा प्रमुख म्हणजे दादा, माझा सख्खा थोरला भाऊ. इतकी वर्षं त्यानं माझ्या हातात फक्त टाळ दिले. माइक मागितला की म्हणायचा, "एखाद्या जाणकाराले म्हणू दे का तू सुरात हायेस. मंग घेजो माइक!" सगळ्या मंडळासमोर! फार लागायचं मला ते.

जाणकार पाहिजे काय? आणतो! रेडिओवर शास्त्रीय संगीताच्या वाहिनीवर दर रविवारी सकाळी सिनेमाच्या संगीतकारांशी गप्पा असतात. वांगी तोडताना मी त्या कधी चुकवत नाही (आमच्या वांग्यांनाही आता यमन कळतो). श्रोत्यांना फोनवर बोलता येतं. मी नाव नोंदवलं, आणि गावानं ऐकावं म्हणून बायकोच्या मोबाईलवर रेडिओ लावून तो थेट समोरच्या मारुतीच्या देवळावरच्या भोंग्याला जोडला!

"आवो, काऊन गावभर शोभा करून राह्यले?" सुषमा म्हणाली.

"शोभा नाई, कीर्ती!"

फोन लागला. मुंबईचे मोठे संगीतकार पलीकडे. मी अंगणातून म्हणालो, "सर, प्रश्न काई नाई. यमन गातो, सूर बरोबर हाय का तेवढं सांगा." आणि लावला "आऽऽ"!

मोबाईलवरचा रेडिओ जरा मागून वाजतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चार-पाच सेकंदांनी देवळाकडून कोणीतरी "आऽऽ" केलं. दादाच! दुसरं कोण?

"कोन बे नक्कल करून राह्यला?" मी ओरडलो.

"कोन बे नक्कल करून राह्यला?" देवळातून उत्तर आलं.

"मले बे म्हणतो?"

"मले बे म्हणतो?"

"कृपया तुमचा रेडिओ बंद करा," निवेदिका काकुळतीला आली.

"आवो, तुमचाच आवाज हाय तो भोंग्यातून!" सुषमानं कपाळावर हात मारला. "जाऊन बंद करू द्या मले."

"खबरदार! गाव आयकून राह्यलं!"

(हेही गावानं ऐकलं. दोनदा.) आता माघार घेतली तर पुन्हा टाळ! मी डोळे मिटून दुप्पट जोरात गायलो. मागून भोंगाही गायला. मग संगीतकार घसा खाकरून म्हणाले, "तुमचा सूर जरा हलतोय. पण मागून गातात ते कोण? त्यांचा सूर पक्का आहे. त्यांना गाऊ द्या."

फोन कटला. दादा हसून हसून डोळे पुसतच अंगणात आला. "आयकलं? बोलला तुहा जाणकार!"

"आयकलं ना! मागून गाणारा कोन होता? मीच! दे माइक!"

दादा माणूस शब्दाचा पक्का. पुढच्या शनिवारी भजनाच्या वेळी त्यानं खरंच माझ्या हाती माइक दिला आणि मला देवळाच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. "जाणकारानं सांगतलं ना, तू मागूनच सुरात हायेस. गाय आता!"

गायलो! ताठ मानेनं, दर शनिवारी गायलो. माइकची वायर कुठेच जोडलेली नाही, हे मला चौथ्या शनिवारी कळलं. माइक मात्र मी अजून सोडलेला नाही!