पिस्टनवरची माती

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. रेसच्या गाडीचं इंजिन पुन्हा बांधताना पिस्टनवर मऊ माती ठेवून ते हातानं फिरवतात. व्हॉल्व्हचा ठसा उमटतो. त्याखाली उरलेली माती म्हणजे दोघांतलं अंतर. माझा मित्र सदा शर्यतीत उतरायचा, त्याचं इंजिन मी बांधायचो. त्याच्या इंजिनात ती कागदाइतकी पातळ निघाली, म्हणजे दोन्ही एकमेकांवर आदळायचा धोका. सगळं पुन्हा उघडायचा कंटाळा आला, म्हणून मी ती पुसून टाकली. शर्यतीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला. "गिअर माझाच चुकला रे," सदा म्हणाला, आणि पुन्हा कधी स्टिअरिंगवर बसला नाही.

आज एकटाच तसाच ठसा न्याहाळत बसलोय. इंजिनात केसाएवढी जागा कमी पडली. आम्हा दोघांत मात्र इतकी झालीय, की तो समोरून आला तर मी रस्ता ओलांडतो. चूक त्याची नव्हती, एवढं त्याला सांगायचं राहिलंय.