दातवाल्यांच्या विलायती गिटारी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा ठार बहिरा आहे, असं मी तब्बल सहा महिने धरून चालले होते. हसू नका! त्यांच्या कामाच्या खोलीत पहिल्यांदा गेले, तर हाका मारून माझा घसा बसला तरी हा माणूस मान वर करेना. मग काय, भेटेन तेव्हा मी आपली ओरडून बोलायची. तेही बिचारे हसून मान डोलवायचे. शेवटी बहिणीनेच विचारलं, "ताई, तू यांच्यावर सारखी डाफरतेस का गं?" तेव्हा कळलं, केसांखाली हेडफोन होते!

आम्ही सगळे त्यांना दातवाले म्हणतो. कवळ्या करतात ते. दवाखान्यामागची खोली, टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेण मऊ करायला इवलीशी ज्योत आणि जुना सीडी प्लेअर. त्यावर नव्वदच्या दशकातल्या विलायती गिटारवाल्या पोरांचा एखादा अल्बम. पहिल्या गाण्याला पहिला दात मेणात बसवायचा. अल्बम संपेपर्यंत वरची ओळ पुरी. किती वेळ लागेल म्हणून विचारलं, तर म्हणणार, "एक अल्बम थांबा."

"अहो, ही पोरं गातात, की आईने दूध आणायला पिटाळलं म्हणून कुरकुरतात?" एकदा त्यांचे हेडफोन कानाला लावून मी विचारलंच.

"कुरकुरच आहे ती, ताई. पण चाल ऐका. पाय हलतोय की नाही?"

हलत होता मेला!

मग सांगत बसले. विशीत भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे, तेव्हा कुणीतरी एक सीडी दिली. अर्धे शब्द डोक्यावरून गेले. कळले त्यात काय, तर ओले बूट, चुकलेली बस, न आलेली मुलगी. "म्हटलं, हे तर आपल्याच गल्लीतलं! विलायत झाली म्हणून काय, बस त्यांचीही चुकतेच की."

त्यांच्या लेकीला आम्ही भुंगी म्हणतो, सदा गुणगुणते म्हणून. पण गाणं अर्ध्यावर आलं की हिचं बोट पुढच्यावर! ती नोकरीसाठी लांब जायला निघाली, तेव्हा दातवाले माझ्या मागे लागले. "ताई, तुम्ही सांगा ना तिला. एक अल्बम माझ्याजवळ बसून ऐक म्हणावं. अख्खा."

"तुम्हाला काय तोंड नाही?"

"मला नाही म्हणाली तर?" एवढंसं तोंड करून म्हणाले.

मग रविवारी सकाळी ती बॅगा भरत होती, तिथून मीच तिला ओढून आणली. ती स्टुलावर बसली. दातवाल्यांनी हेडफोनची वायर काढली, सीडी लावली आणि मेणात डोकं घातलं. पाचव्या गाण्याला तिचा हात बटणाकडे गेला. मी डोळे वटारले. हात मागे.

बारावं गाणं संपलं, तशी ती उठली.

"खाली बस. संपलं नाही."

"संपलं, बाबा. बाराच आहेत."

"तेरा."

"बारा! फोनवर ऐकलाय मी हा अख्खा."

दातवाल्यांच्या हातातला दात तिरका बसला. "कधी?"

"कधीतरी. तू एवढं काय ऐकतोस ते बघावं म्हणून. तीनदा ऐकलाय."

यावर बोला आता!  दातवाले तिरका दात काढायला गेले, तर जबडाच टेबलावर घसरायला लागला. भुंगी मुकाट्याने परत बसली आणि तिने जबडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. प्लेअरमध्ये सीडी नुसतीच फिरत होती. 

"बाराच," ती पुटपुटली.

"तेरा. हलवू नकोस, मेण गार होतंय."

दोन मिनिटं गेली, चार गेली. मला वाटलं, प्लेअरने मान टाकली.

"पुरे आता बाबा, किती हट्ट करशील? बा..."

आणि गिटार वाजली. एकटीच, हळू, शेजारच्या खोलीत कुणी वाजवावी तशी.

भुंगीचं तोंड उघडंच राहिलं. दातवाले हसले, सगळे दात दाखवून. स्वतःचे.

"सीडीच्या शेवटी मुद्दाम लपवून ठेवलंय हे. फोनवाल्यांनी गाळलं असेल," ते म्हणाले. "मोज. तेरा."