हिमालयातलं म्हणून मी पास केलेलं तेल

चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासण्यात माझी सगळी नोकरी झाली. सप्लायरचा ट्रक आला की मी बघायचो, आणि मी पास म्हटल्याशिवाय एक नगही मशीनवर जात नसे. आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, सप्लायर हातात देईल तो नमुना घ्यायचा नाही. आपण उठायचं, पेटी आपण निवडायची, फोडायची आणि मधला नग काढायचा. चहा पाजणारा सप्लायर असो की साहेबांचा पाहुणा, हा नियम मी कंपनीत कधी मोडला नाही. घरी मोडला. त्या तेलाबद्दल लोक आता फक्त माझ्या व्याह्यांना बोल लावतात, माझं नाव फारसं कुणी काढत नाही. ते बरोबर नाही, म्हणून हे लिहितो आहे.

व्याह्यांचं काळेवाडीत आयुर्वेदिक वस्तूंचं दुकान आहे. एका दिवाळीत फराळाला आले आणि खिशातून त्यांनी एक बाटली काढली. लेबलवर बर्फाचे डोंगर, खाली लिहिलेलं : हिमालयातील भांगेच्या फुलांचे तेल, सांधेदुखीवर.

"व्याहीबुवा, तुम्ही क्वालिटीवाले. बघा बरं जरा."

मी बूच काढलं. तेल हिरवट होतं, वास ओल्या गवताचा, थोडा अक्रोडाच्या अंगाने जाणारा. त्या बाटलीत भांगेच्या बियांचं तेल तरी नक्की होतं, असं मला आजही वाटतं. पण ती बाटली त्यांनी निवडून आणलेली होती. दुकानात जाऊन खोक्यातली दुसरी काढावी असं मनात आलं होतं. पण आपली पोरगी ज्यांच्या घरात नांदते त्यांच्या मालावर संशय कसा घ्यायचा? चकलीचा तुकडा तोंडात टाकत मी म्हणालो, "माल एक नंबर आहे."

पुढे व्याही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागले, आमच्या व्याह्यांनी पास केलाय. मीही मागे राहिलो नाही. कंपनीतल्या जुन्या सोबत्यांना मीच सुचवलं.

त्यातला एक राजगुरुनगरकडच्या गावचा, माझ्याच शिफ्टला मशीनवर असायचा. त्याच्या बायकोला संधिवात. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो तर चहा त्यानेच करून आणला. वहिनी आत बसल्या होत्या. हाताची बोटं आत वळलेली, सांधे सुजलेले.

"गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारलं.

"बंद केल्या की. तेल लावतोय ना. तूच म्हनला व्हतास, एक नंबर."

"अरे, लावायला म्हणालो होतो. गोळ्या सोडायला नाही."

"आमाला काय ठावं? तू पास केलेला माल आमी कवा उलटून बघितला का?"

आतून वहिनी म्हणाल्या, "अवो, भावजींना चा तरी पिऊ द्या. मग भांडा."

तो चहा मी कसा संपवला ते माझं मला माहीत. निघताना त्याच्याकडची एक सीलबंद बाटली मागून घेतली आणि तडक काळेवाडीला दुकानात गेलो. व्याही हसले. "आज गिऱ्हाईक झालात की काय?" मी मागच्या रांगेतलं खोकं ओढलं, फोडलं आणि मधली बाटली काढली. दोन्हींवर बॅच नंबर एकच होता. घरी येऊन दोन्ही फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी एक पांढरीफटक गोठलेली, हिरवा रंग तळाशी उतरलेला. खोबरेल. दुसरी पातळच होती, पण तिला नुसता कापराचा वास. एका बॅचचं तेल दोन तऱ्हेने वागत नाही. ज्याने या बाटल्या भरल्या त्याने नंबर फक्त छापला होता.

दोन्ही घेऊन परत दुकानात गेलो.

"भांगेचं फूल म्हणजे गांजा," मी म्हणालो. "खरंच फुलाचं असेल तर असं उघड विकता येणार नाही, पोलीस येतील. फुलाचं नसेल तर लेबल खोटं. आणि ही एक तर सरळ खोबरेल आहे."

"हळू बोला, गिऱ्हाईक उभं आहे. एजंट देतो तो माल मी विकतो. आता मी हिमालयात जाऊन बघू का?"

"हिमालयात नाही. मी या दुकानात येऊन बघायला हवं होतं. तेवढंही केलं नाही."

"तुमची मुलगी याच दुकानाच्या कमाईवर जेवते. तेवढं लक्षात ठेवा."

हे वाक्य ऐकावं लागू नये म्हणूनच मी दिवाळीत गप्प बसलो होतो. आता ते ऐकून झालं होतं. बाटल्या त्यांच्या काउंटरवर ठेवल्या आणि निघालो.

व्याह्यांनी भेसळ केली नाही. एजंटाने त्यांना फसवलं. त्यांना तेल ओळखता येत नव्हतं, मला येत होतं. फरक एवढाच आहे आणि तो माझ्या बाजूने नाही.

आम्ही निवृत्त झालेले महिन्यातून एकदा देवळाच्या सभामंडपात जमतो. तिथे उभा राहून सगळं सांगितलं. तेल थांबवा, कुणी गोळ्या सोडल्या असतील तर आधी डॉक्टरकडे जा. एकजण ओरडला, "रिटायर झाल्यावर रिजेक्शन काढलं राव यानं!" सगळे हसले. राजगुरुनगरवाला हसला नाही.

वहिनींना मी आणि तो डॉक्टरकडे घेऊन गेलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सूज उतरली. वळलेली बोटं मात्र सरळ होतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. मित्र माझ्याशी बोलतो, कामापुरतं.

व्याही बोलत नाहीत. बाटल्या त्यांनी एजंटाला परत पाठवल्या, हे मुलीकडून कळलं. मी तिला विचारलं, घरी फार त्रास होतोय का?

"होतोय. पण बाबा, मला न विचारता माझ्या नावानं गप्प बसत जाऊ नका."

ज्यांनी माझ्या शब्दावर ते तेल घेतलं त्यांच्या घरी मी एकेक करून जातो आहे. सांगवीकडचे काही राहिलेत. उद्या तिकडे जायचं आहे.